'रेझिलियन्स': अर्थ, मूळ आणि मराठी प्रतिशब्द. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषांतर करणारे, शिक्षक, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, समुपदेशक, अहवाल लिहिणारे अशा सगळ्यांकडून या एका शब्दाबद्दल प्रश्न येत राहतात. बहुतेकांची मागणी एकच असते: मराठी प्रतिशब्द सांगा, एकच सांगा. तसा तो सांगता येत नाही. का येत नाही, ते इथे सविस्तर लिहिलं आहे. ज्यांना फार घाई आहे त्यांनी थेट प्रश्न १२ वाचावा, पण जमलं तर प्रश्न ९ चुकवू नये.

१. रेझिलियन्स म्हणजे थोडक्यात काय?

ताण, धक्का किंवा आपत्ती सोसल्यावर पुन्हा पूर्वपदावर येण्याची क्षमता. व्याख्या सोपी वाटते, पण सगळी गोम 'पूर्वपद' या शब्दात आहे. दाबलेला रबरी चेंडू सोडला की परत गोल होतो. तिथे पूर्वपद म्हणजे आकार. वणवा लागून गेलेलं जंगल काही वर्षांनी पुन्हा जंगल होतं, पण झाडं तीच नसतात. तिथे पूर्वपद म्हणजे त्या जंगलाचं जंगलपण. जवळचं माणूस गेल्यावर कोणी पुन्हा कामाला लागतं, हसायला लागतं. त्या माणसाचं पूर्वपद कोणतं? आधीचं आयुष्य तर परत येणार नसतं. हा शब्द कुठेही वाचला की मी पहिल्यांदा एवढंच पाहते की परत यायचं ते कशाकडे. त्याचं उत्तर मिळालं की अर्थ आणि प्रतिशब्द दोन्ही सापडतात.

२. शब्द मूळचा कुठला?

लॅटिनचा. 'सालीरे' म्हणजे उडी मारणं. त्याला मागे जाण्याचा 'रे' हा उपसर्ग लागला की होतं 'रेसिलीरे', म्हणजे मागे उडी मारणं, आपटून परत येणं. (उपसर्ग लागल्यावर मधल्या 'सा'चा 'सि' होणं हा लॅटिनचा नेहमीचा स्वरबदल आहे.) त्यावरून नाम झालं आणि ते इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागलं.

मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द 'उसळणे'. तो संस्कृत 'उच्छल्'वरून आला: 'उत्' म्हणजे वर आणि 'शल्' म्हणजे हलणं, झेपावणं. म्हणजे लॅटिनची उडी मागे जाते आणि आपली वर जाते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण भाषांतरात तो चांगलाच नडतो. 'बाजाराची उसळी' म्हटलं की मराठी वाचकाला भाव चढलेले दिसतात. पडलेला बाजार होता तिथे परत आला, हे त्याला दिसत नाही.

३. याच धातूपासून आणखी कोणते शब्द आले आहेत?

बरेच, आणि त्यातले काही आपण रोज बोलतो. 'रिझल्ट' याच क्रियापदाच्या भावंडापासून आला. मूळ कल्पना उसळून परत येण्याची, मग एखाद्या कृतीतून जे परत हाती येतं ते. 'इन्सल्ट' म्हणजे मुळात अंगावर उडी घेणं, 'असॉल्ट'ही तसाच. 'सॅलियंट' म्हणजे उडी मारून पुढे आलेला, म्हणून ठळक. कोलांटीला 'सॉमरसॉल्ट' म्हणतात, त्यातही हीच उडी आहे. माझा आवडता शब्द 'डिझल्टरी'. धावत्या घोड्यांवर या पाठीवरून त्या पाठीवर उड्या मारणाऱ्या रोमन कसरतपटूला 'देसुल्तोर' म्हणत. त्यावरून धरसोड करणाऱ्या, एका विषयावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या बोलण्याला हे विशेषण चिकटलं.

४. कोर्टाच्या कागदात 'साक्षीदार रिझाइल झाला' असं वाचलं. हा तोच शब्द आहे का?

तोच. 'रिझाइल' हे रेझिलियन्सचं सख्खं क्रियापद आहे, पण त्याला आज उरलेला अर्थ मागे हटण्याचा आहे: दिलेला शब्द फिरवणं, करारातून माघार घेणं, आधीची साक्ष बदलणं. मराठीत 'साक्ष फिरवली', 'शब्द फिरवला' किंवा बातमीच्या भाषेत 'घूमजाव केलं'.

एकाच उडीतून एका बाजूला कौतुकाचा शब्द निघाला आणि दुसऱ्या बाजूला आरोपाचा. हे काही अलीकडचं नाही. थॉमस ब्लाउंटच्या १६५६च्या इंग्रजी शब्दकोशात रेझिलियन्सचे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत: उसळून परत येणं आणि बोललेल्यापासून मागे फिरणं. नामानं पुढे पहिला अर्थ ठेवला, क्रियापदानं दुसरा. त्यामुळे कायद्याच्या मजकुरात 'रिझाइल' दिसलं तर 'सावरणे' किंवा 'उभारी' कधीही लिहू नका, अर्थ बरोबर उलटा होईल.

५. इंग्रजीत हा शब्द आधी माणसांसाठी वापरत होते की वस्तूंसाठी?

दोघांच्याही आधी आवाजासाठी. फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञानं निसर्गाविषयीच्या आपल्या टिपणांत प्रतिध्वनीच्या संदर्भात तो वापरला. बेकनचा मृत्यू १६२६चा आणि ही टिपणं त्यानंतर लगेच छापली गेली. भिंतीवर आदळून परत येणारा आवाज! शब्दाच्या मूळ अर्थाला इतकी चपखल बसणारी दुसरी गोष्ट मला तरी सुचत नाही.

मग तो पदार्थांकडे गेला. १८१८ मध्ये थॉमस ट्रेडगोल्ड या इंग्रज अभियंत्यानं लाकडाच्या मजबुतीवर लिहिताना तो तांत्रिक अर्थानं वापरला, आणि त्याच शतकात रँकिन या स्कॉटिश अभियंत्यानं तो पोलादी तुळयांच्या गणितात आणला. माणसांसाठीचा एक जुना वापर जपानशी जोडलेला आहे. डिसेंबर १८५४ मध्ये शिमोदा बंदराला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला. तिथल्या रहिवाशांनी लगोलग पुन्हा उभारणी सुरू केली. त्याचं वर्णन करताना एका अमेरिकन लेखकानं १८५७ मध्ये त्यांच्या या गुणासाठी हाच शब्द वापरला. आपत्ती व्यवस्थापनातला आजचा अर्थ तिथे जवळजवळ तयार दिसतो.

६. इंजिनिअरिंगमध्ये रेझिलियन्स मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

एखादा पदार्थ कायमचा न वाकता किती ऊर्जा पोटात घेऊ शकतो आणि सोडल्यावर परत देऊ शकतो, ते.

कागदाला लावायची एक पिन घ्या, वळवलेल्या तारेची. तिचं बाहेरचं टोक बोटानं थोडंसं उचला आणि सोडा: टिक् करून जागेवर बसतं. आता जरा जास्त उचला. बोटाला आधी जो ताठर विरोध जाणवत होता, तो एका क्षणी ढिला पडतो. सोडल्यावर टोक थोडं मागे येतं, पण पूर्ण येत नाही. तो ढिला पडण्याचा क्षण म्हणजे स्थितिस्थापकतेची मर्यादा. तिथपर्यंत बोटानं जितकी ऊर्जा तारेत भरली, तितकाच तारेचा रेझिलियन्स.

दर घनमीटरला ही ऊर्जा काढायचं सूत्र सोपं आहे: मर्यादेवरच्या प्रतिबलाचा (दर चौरस मीटरवरच्या बलाचा) वर्ग करायचा आणि त्याला यंगच्या गुणांकाच्या, म्हणजे पदार्थाच्या ताठरपणाच्या मापाच्या, दुपटीनं भागायचं. साध्या बांधकामाच्या पोलादात ही मर्यादा साधारण २५० मेगापास्कल आणि यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो. त्यावरून उत्तर येतं घनमीटरला सुमारे १५६ किलोज्यूल, म्हणजे एका किलो पोलादामागे जेमतेम २० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत तो किलोभर तुकडा फक्त दोन मीटर वर जाईल. स्प्रिंगसाठी कमावलेल्या, १००० मेगापास्कल सोसणाऱ्या पोलादात मर्यादा चौपट होते, पण वर्ग असल्यामुळे ऊर्जा सोळापट होते आणि तोच तुकडा ३० मीटरच्या वर जातो. स्प्रिंगला वेगळं पोलाद का लागतं, ते इथे कळतं.

निसर्गातलं उदाहरण याहून सरस आहे. टोळाच्या पंखाच्या सांध्यात रबरासारखं एक प्रथिन सापडलं. टॉर्केल वाइस-फोग यांनी १९६० मध्ये त्याचं वर्णन केलं आणि याच लॅटिन शब्दावरून त्याला 'रेझिलिन' नाव दिलं. ताणून सोडल्यावर ते दिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९७ टक्के ऊर्जा परत करतं. पिसवाच्या उडीमागेही ते आहे.

७. इलॅस्टिसिटी, टफनेस आणि रेझिलियन्स यात गोंधळ होतो. परीक्षेत काय लिहू?

इलॅस्टिसिटी हा गुण आहे: ताण काढला की मूळ आकारात येणं. रेझिलियन्स हे त्या गुणाच्या मर्यादेत मावणाऱ्या ऊर्जेचं माप आहे. टफनेस म्हणजे चिवटपणा, तुटेपर्यंत शोषलेली एकूण ऊर्जा. त्यात कायमचं वाकणंही धरलेलं असतं. काच तडकेपर्यंत उत्तम स्थितिस्थापक असते, पण चिवट अजिबात नसते. शिशाची तार कितीही वाकवा, चटकन तुटत नाही, पण परतही येत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. फ्रेंच तांत्रिक लिखाणात 'रेझिलियांस' या शब्दाचा अर्थ खाच पाडलेला नमुना लोलकाच्या फटक्यानं तोडायला लागणारी ऊर्जा असा होतो, म्हणजे शार्पी चाचणीचा आकडा. तो आपल्या टफनेसच्या अंगानं जातो. फ्रेंचमधून आलेला आकडा प्रश्न ६च्या सूत्राशी ताडून पाहू नका.

८. गादीच्या जाहिरातीतला 'एचआर फोम' म्हणजे काय? आणि मेमरी फोम त्याच्या उलट असतो का?

'एचआर'मधला आर म्हणजे रेझिलियन्सच. जास्त उसळी देणारा फोम. फोमच्या तुकड्यावर ठरलेल्या उंचीवरून पोलादी गोळी सोडतात आणि ती किती टक्के उंचीपर्यंत परत उसळते ते बघतात. मेमरी फोमवर तीच गोळी जवळजवळ तिथेच बसते. तो हळूहळू आकारात येतो खरा, पण दिलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात आतच जिरवतो. म्हणजे दोन्ही फोम परत येतात, फरक परत देण्यात आहे. चांगला कुठला, हे कामावर ठरतं: धक्का जिरवायचा असेल तर कमी उसळीच हवी.

९. 'स्थितिस्थापकता' हा पाठ्यपुस्तकासाठी बनवलेला कृत्रिम शब्द आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. शाळेत हा शब्द जड वाटतो म्हणून तो कोणीतरी समितीत बसून जुळवला असावा, असं सगळे धरून चालतात.

न्याय-वैशेषिक दर्शनात 'संस्कार' नावाचा एक गुण मानला आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. तिसऱ्याची व्याख्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त आहे: वेगळ्या अवस्थेत नेलेल्या वस्तूला पुन्हा तिच्या पहिल्या अवस्थेत आणणारा तो स्थितिस्थापक. उदाहरण दिलंय चटईचं. गुंडाळी करून ठेवलेली चटई उलगडायला जा, हात काढला की ती पुन्हा गुंडाळते. त्याच्या कितीतरी शतकं आधी प्रशस्तपाद या वैशेषिक आचार्यानं अशा वस्तूंची यादी केली: धनुष्य, फांदी, शिंग, दात, हाड, दोरा, कापड. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ त्या 'शिंगा'पाशी अडकले होते. कोणीतरी शिंग वाकवून, सोडून, बघितलं असणार त्याशिवाय ते यादीत येत नाही.

आणखी एक गोष्ट. या तिघांतली 'भावना' म्हणजे अनुभवाचा मनात उरणारा ठसा, ज्यातून स्मरण होतं. म्हणजे वाकलेल्या फांदीचं परत येणं आणि झालेल्या गोष्टीचं आठवणं, ही दोन्ही 'संस्कार' या एकाच गुणाची रूपं मानली गेली. काहीतरी घडून गेलं आणि त्याचा परिणाम आत राहिला, हे दोन्हीकडे समान. पदार्थविज्ञान आणि मानसशास्त्र या दोन टोकांना एकच शब्द का वापरतात असं कोणी विचारलं की मला हेच आठवतं.

आज मराठी विज्ञानात स्थितिस्थापकता हा शब्द इलॅस्टिसिटीसाठी पक्का झाला आहे. म्हणून रेझिलियन्ससाठी तो घेऊ नये, दोन कल्पना एका नावाखाली येतील.

१०. पर्यावरणाच्या लेखांत रेझिलियन्सचा अर्थ वेगळाच वाटतो. तसा तो आहे का?

आहे, आणि त्याचं श्रेय क्रॉफर्ड हॉलिंग या कॅनडाच्या परिस्थितिविज्ञान-शास्त्रज्ञाला जातं. १९७३ मध्ये त्यांनी दोन कल्पना वेगळ्या केल्या. व्यवस्था हलल्यावर समतोलाकडे किती लवकर परतते, ती तिची स्थिरता. किती मोठे बदल पचवूनही तिच्यातली नाती टिकून राहतात, तो तिचा रेझिलियन्स.

त्यांचं गाजलेलं उदाहरण कॅनडाच्या पूर्वेकडच्या जंगलांतल्या कोंब खाणाऱ्या अळीचं. अधूनमधून या अळीची प्रचंड साथ येते आणि बाल्सम फर जातीची झाडं मोठ्या संख्येनं मरतात. स्प्रूस आणि बर्च त्यामानानं वाचतात. साथ ओसरल्यावर फर पुन्हा वेगानं वाढून बाकीच्यांना दाबायला लागते, आणि पुढची साथ तिला मागे रेटते. अळी नसती तर फरनं इतर झाडांना हुसकावलं असतं. आकडे पाहिले तर हे जंगल कमालीचं अस्थिर, सतत वरखाली होणारं. पण त्या वरखाली होण्यातूनच तिन्ही झाडं टिकली आहेत. अस्थिर, तरीही रेझिलियंट. प्रश्न ६मधली पिन डोक्यात ठेवून हे वाचलं तर डोकं चक्रावतं, कारण इथे 'मूळ आकार' असा नाहीच. हॉलिंग यांनीच १९९६ मध्ये या दोन अर्थांना वेगळी नावं दिली: इंजिनिअरिंगचा रेझिलियन्स आणि परिस्थितिविज्ञानाचा रेझिलियन्स.

११. मानसशास्त्रात हा गुण जन्मजात मानतात का?

एके काळी तसं लिहिलं जायचं. कठीण परिस्थितीतून नीट वाढलेल्या मुलांना 'अभेद्य' म्हणण्याची पद्धत होती. अभ्यास पुढे गेले तशी ती मागे पडली.

सगळ्यात परिचित अभ्यास हवाई बेटांपैकी कौआई बेटावरचा. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांची वाटचाल एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी मोठेपणापर्यंत नोंदवली. सुमारे एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम घेऊन वाढत होती. त्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं हे पाहिलं, तेव्हा स्वभावाबरोबर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आईवडील नसले तरी आजी, मोठं भावंड, शिक्षक, शेजारी असं निदान एक भरवशाचं माणूस. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये मांडलं की हा गुण असामान्य माणसांचा नाहीच, साध्या मानवी आधारांतून तो घडतो.

१२. मग मराठीत कोणता शब्द वापरू?

संदर्भ पाहून. माझी निवड अशी.

माणसांसाठी 'सावरण्याची क्षमता' किंवा 'उभारी'. 'सावरणे' हा शब्द मला इंग्रजी शब्दापेक्षाही अचूक वाटतो, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. 'ती सावरली' असं म्हणता येतं आणि 'तिला बहिणीनं सावरलं' असंही. एकच क्रियापद स्वतः उभं राहणं आणि दुसऱ्यानं हात देणं दोन्ही सांगतं. कौआईच्या मुलांबद्दल जे संशोधनातून कळलं, ते या क्रियापदात आधीपासून होतं. 'उभारी धरणे' जरा वेगळं. त्यात मनाचा जोर जास्त आहे. मोठं दुःख झाल्यावर लगेच कोणाला 'उभारी धर' म्हणू नये. 'सावर' म्हणता येतं.

शहर, गाव, समाज आणि आपत्ती असा विषय असेल तर 'आपत्तीतून सावरण्याची क्षमता' असं लांब लिहा, बिचकू नका. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या सेंदाई आराखड्यात हा शब्द पानोपानी आहे, आणि तिथे सोसणं, जुळवून घेणं, वेळेत सावरणं हे सगळंच अभिप्रेत आहे. जंगल, तळं, पीक यांसाठी 'तग धरण्याची क्षमता'. संगणकाच्या जाळ्याबद्दल बोलत असाल तर 'बिघाड झाला तरी चालू राहणारी' असं सरळ सांगा. इंजिनिअरिंगमध्ये 'रेझिलियन्स' देवनागरीत लिहून पहिल्या वापराला अर्थ द्यावा. तिथे आकडा काढायचा असतो, त्यामुळे संदिग्ध मराठी शब्दापेक्षा तेच बरं.

टाळायचे शब्दही सांगते. 'कणखर' आणि 'खंबीर' माणूस वाकतच नाही, त्यामुळे त्याच्या परत येण्याचा प्रश्नच येत नाही. 'चिवट' तुटत नाही, पण सावरतो की नाही हे तो शब्द सांगत नाही. 'काटक' शरीराबद्दल आहे. हे सगळे उत्तम शब्द आहेत, फक्त या कल्पनेचे नाहीत.

१३. बहुतेक ठिकाणी 'लवचिकता' असं भाषांतर दिसतं. ते चूक का?

'लवचीक'मध्ये 'लवणे' आहे, म्हणजे वाकणं. डोळ्याचं पातं लवतं, फांदी लवते, मान लवते. हा शब्द वाकण्यापाशी थांबतो, परत येण्याबद्दल तो गप्प आहे. शिवाय माणसाला लावल्यावर त्याला भलताच रंग चढतो: 'लवचीक धोरण' म्हणजे तडजोडीला तयार, 'लवचीक वेळा' म्हणजे बदलता येणाऱ्या. 'महिलांची लवचिकता वाढवणे' असं एका मसुद्यात वाचलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. लिहिणाऱ्याला संकटातून उभं राहण्याचं बळ म्हणायचं होतं, वाचणाऱ्याला मात्र 'बायकांनी आणखी वाकावं' असं ऐकू येत होतं.

(लिहिताना: 'लवचीक'मध्ये ची दीर्घ, 'लवचिकता'मध्ये चि ऱ्हस्व.)

१४. आणि 'प्रतिकारक्षमता' किंवा 'रोधक'?

हे रेझिस्टन्सचे शब्द. पूर आत येऊच न देणारी भिंत रोधक असते. पाणी आत आलं तरी आठवड्यात पुन्हा सुरू होणारं रुग्णालय रेझिलियंट असतं. बऱ्याचदा दोन्ही हवं असतं, पण पैसा आणि योजना वेगवेगळ्या लागतात, म्हणून शब्दही वेगळे ठेवावेत. 'भूकंपरोधक' इमारतीबद्दल नेहमी प्रश्न येतो. अशा इमारतीचा पहिला हेतू आतली माणसं वाचवणं हा असतो. भूकंपानंतर ती वापरण्याजोगी राहीलच असं त्यात गृहीत नाही. तेही हवं असेल तर रेझिलियन्सचा विषय सुरू होतो.

१५. रेझिलियन्स नेहमी चांगलाच असतो ना?

नाही. ज्याचं परत येणं नको असतं, त्याच्याकडेही तो असतो. उथळ तळ्यात खताचं पाणी वर्षानुवर्षं उतरलं की ते एके दिवशी गढूळ, शेवाळलेलं होतं. मग खत थांबवलं तरी ते लगेच निवळत नाही. पाणवनस्पती गेलेल्या असतात, तळाचा गाळ ढवळत राहतो, त्या गाळातूनही पोषकद्रव्यं सुटत राहतात. बिघडायला जितकं खत पुरलं, त्यापेक्षा खूप खाली आल्याशिवाय तळं सुधारत नाही. म्हणजे गढूळ अवस्थाही रेझिलियंट झालेली असते. गरिबी, भ्रष्ट कारभार, जुनी व्यसनं यांच्याबद्दल संशोधक हाच शब्द वापरतात तेव्हा ते चुकत नाहीत. मराठीत अशा वेळी 'चिवट' शोभतं.

१६. आजारपणानंतर सगळे मला 'किती रेझिलियंट आहेस' म्हणतात आणि ते मला खटकतं. माझं चुकतंय का?

अजिबात नाही. असे प्रश्न खूप येतात, आणि बहुतेक पत्रांत शेवटी माफी मागितलेली असते. ती मागू नका.

खटकण्याची कारणं खरी आहेत. कौतुकामुळे थकल्याचं सांगायची सोय उरत नाही. ऐकणारा 'ही सावरली' असं ठरवून मोकळा होतो. आणि तुम्ही अजून वाकलेल्या अवस्थेत असाल, तर परत आल्याचं श्रेय तुम्हाला फार लवकर दिलं जातं. समाजाच्या पातळीवरही हेच होतं: संकटग्रस्तांच्या जिद्दीचे गोडवे गायले की ते संकट पुन्हा येऊ नये म्हणून ज्यांनी काम करायचं, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. शब्दाचा यात दोष नाही. प्रश्न ११ आणि १२ मधला अर्थ धरला, तर 'तू किती रेझिलियंट' म्हणणाऱ्यानं पुढचं वाक्य बोलायला हवं: 'तुला सावरायला मी काय करू?'

१७. रेझिलियन्स, रिझिलियन्स की रेझिलियन्सी?

इंग्रजी उच्चाराच्या जवळचं 'रिझिलियन्स'. मराठी लिखाणात 'रेझिलियन्स' जास्त दिसतं म्हणून इथे तेच ठेवलं आहे. 'रेझिलियन्सी' हे त्याच नामाचं दुसरं रूप, अर्थात फरक नाही. विशेषण 'रेझिलियंट'.

१८. माणूस संकटानंतर आधीपेक्षा बळकट झाला, तर त्यालाही रेझिलियन्सच म्हणायचं?

काटेकोर बोलायचं तर नाही, कारण तो परत आलेला नाही, पुढे गेला आहे. मानसशास्त्रात टेडेस्की आणि कॅल्हून यांनी १९९० च्या दशकात यासाठी 'पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ', म्हणजे आघातानंतरची वाढ, अशी वेगळी संज्ञा आणली. धक्क्यानं सुधारणाऱ्या व्यवस्थांसाठी लेखक नसीम तालेब यांनी २०१२ मध्ये 'अँटिफ्रॅजाइल' शब्द रूढ केला. 'उभारी'मध्ये मात्र वर जाण्याची छटा असल्यामुळे मराठीत ही सीमारेषा थोडी पुसट राहते. समुपदेशनाच्या मजकुरात तिथे जपून लिहा. आधीपेक्षा बळकट होणं ही कोणावर लादायची अपेक्षा नाही.

१९. 'महापुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात' ही आपली म्हण रेझिलियन्सचीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याला 'हो' म्हणण्याआधी लव्हाळा जवळून बघावा. म्हण सांगते ती नम्रतेची, वाकण्याची गोष्ट, म्हणजे प्रश्न १३मधली लवचिकता. पूर ओसरल्यावर मात्र लव्हाळा चेंडूसारखा टुणकन उभा राहत नाही. पाती एका दिशेला चिखलात चोपून निजलेली असतात, त्यांच्यावर काडीकचरा अडकलेला असतो. त्यातली बरीच पुन्हा उठत नाहीत, तशीच पिवळी पडून वाळतात. पण जमिनीखाली लव्हाळ्याच्या गाठी असतात, जमिनीतल्या बारीक खोडांनी एकमेकींना जोडलेल्या, आणि काही दिवसांत त्या गाठींतून नवे हिरवे कोंब वर येतात. तण म्हणून तो उपटणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच अनुभव येतो: वरचं कितीही खुरपा, गाठ राहिली की लव्हाळा राहिला. त्यामुळे माझं उत्तर असं: ही म्हण रेझिलियन्सची आहे, पण प्रश्न ६मधल्या पिनेच्या अर्थानं नाही, प्रश्न १०मधल्या जंगलाच्या अर्थानं.